दोन इंच पट्टी

बऱ्हाणपुरात फ्रेमच्या दुकानात माणूस दोनच गोष्टी घेऊन येतो. देव, नाहीतर घरातलं गेलेलं माणूस. देव आणणारा निवांत असतो, चांगला वार बघून न्यायला येतो. गेलेलं माणूस आणणाऱ्याला मात्र तेराव्याच्या आत हवं असतं. शनवारा दरवाजाजवळच्या आमच्या दुकानात छत्तीस वर्षं मी या दोघांना काचेआड बसवलं. मधूनमधून कुणाची पदवी, कुणाचं लग्न, कुणाच्या सुनेनं माहेराहून आणलेला मखमलीवरचा मोर.

काम बाहेरून दिसतं तेवढं सोपं नाही आणि आम्ही सांगतो तेवढं अवघडही नाही. लाकडाची पट्टी दहा फुटांच्या लांबीत येते. ती पंचेचाळीसच्या कोनात कापायची, चार तुकडे जुळवायचे, कोपऱ्यात फट दिसली तर सरसात भुसा कालवून ती बुजवायची. काच हिरकणीनं कापायची. हिरकणी एकदाच ओढायची, दुसऱ्यांदा ओढलीत की काच तुमचं ऐकत नाही. मागे हार्डबोर्ड, बारीक खिळे, वर खाकी कागद. आणि चित्र पट्टीत बसत नसेल तर चित्र कापायचं. वडिलांनी मला दिलेला पहिला धडा हाच. "कड कुणी बघत नाही," ते म्हणायचे. खरंच कुणी बघत नसे. देवामागचं आकाश इंचभर कमी झालं म्हणून देव रागवत नाही, आणि गेलेल्या माणसाचा खांदा कापला म्हणून तो तक्रार घेऊन येत नाही.

कड बघणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं. चौधरी मॅडम.

त्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. मूळच्या निंबोल्याच्या, शेतकऱ्याघरच्या. लग्न केलं नव्हतं. प्रतापपुऱ्यात दोन खोल्या घेऊन राहायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक जुनी फ्रेम होती, आत एक छापील चित्र, आणि पिशवीत दुसरं छापील चित्र, मासिकातून कापून काढलेलं.

"हे काढा, हे बसवा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, आधीचं चांगलं आहे की. नवी फ्रेम करून देतो, दोन्ही लावा."

"माझ्या भिंतीवर नऊच खिळे आहेत, प्रभाकरभाऊ. दहावं आलं की एक उतरवायचं. त्याशिवाय कसं कळणार, आपल्याला खरंच काय आवडतं ते?"

मला वाटलं, बाई जरा तऱ्हेवाईक आहे. पण त्या दोन-तीन महिन्यांनी यायच्याच. कधी एक बदलायला, कधी उतरवलेलं पुन्हा चढवायला. "चुकलं माझं, ह्याच्याशिवाय भिंत ओकीबोकी दिसते," असं सरळ सांगायच्या. आपली आवड चुकली हे इतक्या सहज कबूल करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत, काच कापायच्या टेबलाच्या वर, माझीही एक भिंत होती. तिथे मी मला आवडलेलं लावत असे. तेव्हा तिथे धावणारे सात घोडे होते, बर्फातलं एक घर होतं, दोन हंस होते. एके दिवशी मॅडम आत डोकावल्या आणि त्यांनी विचारलं, "ह्यातलं तुमचं सगळ्यात आवडतं कोणतं?"

"घोडे," मी म्हणालो.

"का?"

त्या हसल्या असत्या तर मी विसरून गेलो असतो. पण त्या खरोखर उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "चालतात खूप. महिन्याला पाच-सहा जातात." मग माझी मलाच लाज वाटली. त्या दिवशी मी घोड्यांकडे पहिल्यांदा नीट बघितलं. सातही घोड्यांचं तोंड एकच होतं. चित्रकारानं एक घोडा काढून तोच सात वेळा ठेवला होता. संध्याकाळपर्यंत मला ते चित्र बघवेना.

पुढच्या सहा-सात वर्षांत माझी भिंत हळूहळू बदलली. मॅडमच्या एका विद्यार्थिनीनं काढलेली पाच पायांची बकरी आली. शाळेत तिला त्या पाचव्या पायाबद्दल हसले होते. मॅडमनी मला ती का आवडली म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणालो, "बकरी चालतेय ना. चालताना पोरीला पाच दिसले असतील." मॅडम म्हणाल्या, ते चित्र तुमच्याकडेच ठेवा.

लूम दुरुस्त करणाऱ्या रफीकभाई मिस्त्रींनी एक कागद आणला होता. लूमच्या एका भागाचं पेन्सिलनं काढलेलं चित्र, एकेक स्क्रू जागच्या जागी. "अच्छा बना है ना, भाई?" त्यांनी विचारलं आणि लगेच लाजले. ते न्यायला आलेच नाहीत. मी दोनदा निरोप पाठवला, तर म्हणाले, घरी लावलं तर लोक हसतील, तुमच्याकडेच राहू द्या. त्यात दिखाव्याची एकही रेघ नव्हती. ते घोड्यांच्या जागी लागलं.

एका घरची आजी गेली तेव्हा मुलगा दोन फोटो घेऊन आला होता. एकात आजी तोंड मिटून बसलेली, दुसऱ्यात तोंडभर हसणारी, पुढचे दोन दात नसलेली. घरच्यांनी मिटलेलं तोंड निवडलं. दुसरा मी मागून घेतला. तोही भिंतीवर गेला.

पुस्तकांचंही तसंच झालं. काचेच्या तावांच्या वरच्या बाजूला एक फळी होती, तिच्यावर मॅडम वाचायला पुस्तकं ठेवून जायच्या. मराठी पुस्तक बऱ्हाणपुरात विकत मिळणं तेव्हाही कठीणच होतं. जळगावहून, खंडव्याहून कुणाकुणाच्या हाती मागवायचं. त्यांनी सांगितलं होतं, वाचून झालं की महिनाभर हात लावू नका. महिन्यानं पुन्हा उघडावंसं वाटलं तर ते तुमचं, नाहीतर परत द्या. अशी अकरा पुस्तकं त्या फळीवर राहिली. माझं शिक्षण अकरावी नापास. पण ती अकरा पुस्तकं माझी का, हे मी कुणालाही सांगू शकलो असतो. विचारणाऱ्या मात्र त्या एकट्याच होत्या.

आवड सुधारली की माणूस सुधारतो, असं मॅडमना वाटायचं. मला तसा अनुभव नाही. माझी आवड सुधारली आणि मी गिऱ्हाइकांना तुच्छ लेखायला लागलो. मखमलीचा मोर आणणाऱ्या एका बाईंना मी म्हणालो, "ताई, ह्याच्यापेक्षा साधं काही लावा ना." त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या दुकानात नाही लावायचं, माझ्या घरात लावायचंय. माझ्या बहिणीनं केलेला आहे. ती आता नाही." मी मोर फ्रेम करून दिला. तरी शहाणपण यायला तेवढं पुरलं नाही.

मग ते चित्र आलं.

वैशाखातले दिवस होते. त्याच्या आदल्या वर्षी निंबोल्याकडे मोठं वादळ झालं होतं, काढणीला आलेल्या केळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या होत्या. मॅडम आल्या आणि पिशवीतून दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून धरलेला जाड कागद काढला. जलरंग होते. तोवर सहा-सात वर्षं त्यांनी दुसऱ्यांचीच चित्रं आणली होती. हे त्यांचं स्वतःचं होतं.

"घरी कुणाला दाखवलं नाही," त्या म्हणाल्या. "शाळेतही नाही. तुम्ही बघा."

पडलेली केळी होती. शेकडो झाडं एकाच दिशेला झोपलेली, फाटलेली पानं, चिखलात उमटलेलं उजळ आभाळ. आणि उजव्या बाजूला, अगदी कडेला, एक माणूस. पाठमोरा, उकिडवा बसलेला. अर्धा चित्रात, अर्धा बाहेर. त्याचा एक हात तेवढा दिसत होता, गुडघ्यावरून खाली लोंबणारा.

मी बराच वेळ बघत राहिलो. त्यांनी विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. फक्त म्हणालो, "साधी सागाची पट्टी शोभेल." त्यांना तीच हवी होती. गुरुवारी न्यायला येते म्हणाल्या.

आता जे लिहितोय ते एका माणसाखेरीज मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बऱ्हाणपुरात मराठी दिवाळी अंक वाचणारी घरं हाताच्या बोटांवर मोजावी इतकी उरलीत, म्हणून धाडस होतंय.

सागाची ती बारीक पट्टी दुसरं कुणी घेत नसे. लोकांना सोनेरी, नक्षीची लागायची. त्यामुळे माझ्याकडे तिचा एकच तुकडा शिल्लक होता. बुधवारी मापं घेतली तर वरची आणि खालची बाजू दोन-दोन इंच कमी भरत होती. नवीन पट्टी यायला पंधरा-वीस दिवस लागले असते. लग्नसराई होती, टेबलावर कामांचा ढीग पडला होता. मी पट्टी धरून उभा राहिलो. चित्राची रुंदी दोन इंचांनी कमी केली की सगळं बसत होतं. डावीकडून कापलं तर सगळ्यात पुढचं मोठं झाड मधोमध चिरलं जात होतं. उजवीकडे तो माणूस होता.

पुढे कधी विषय निघाला तर मी सांगत आलो, की तो अर्धाच होता, मला वाटलं चुकून आलाय. ते खोटं आहे. मला दिसत होतं, तो माणूसच चित्र आहे. केळी कुणीही काढेल. तो आपल्याच शेताच्या कडेला, जवळजवळ शेताबाहेर बसला होता, तेच त्यांना सांगायचं होतं. पाच पायांची बकरी ओळखणाऱ्या माणसाला ते दिसलं नसेल, असं कोण म्हणेल? मी पट्टी ठेवली, पातं घेतलं आणि वडिलांचं वाक्य मनात म्हणत कापलं. पाच मिनिटांत मोकळा झालो.

गुरुवारी मॅडम आल्या. कागदातून फ्रेम काढून मी काउंटरवर उभी केली. त्यांनी ती बघितली. मग त्या थोड्या बाजूला सरकल्या, काचेवर दुकानाबाहेरचा उजेड पडतोय म्हणून दिसत नसेल, अशा हिशेबानं. पुन्हा बघितलं.

"माणूस कुठं आहे?"

"अर्धाच होता मॅडम. विचित्र दिसत होता, म्हणून जरा..."

"तो कापलेला तुकडा?"

तुकडा भुशाबरोबर पोत्यात गेला होता. पोतं घरी गेलं होतं, बंबासाठी. मी सायकल काढून घरी गेलो. बायको म्हणाली, "अहो, सकाळी तुम्हीच तर आंघोळ केलीत त्याच्यावर." परत येऊन मी तसं सांगितलं नाही. सापडत नाही, एवढंच म्हणालो.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "काच छान बसवलीत," त्या म्हणाल्या आणि फ्रेम घेऊन गेल्या. त्यानंतर त्या दुकानात आल्या नाहीत. मी पहिला महिनाभर स्वतःवर रागावलो होतो, मग त्यांच्यावर रागावलो. बायकोला म्हणालोसुद्धा, "एवढ्याशा तुकड्यावरून एवढा ताठा!" माफी मागायला प्रतापपुरा काही लांब नव्हता. सायकलनं दहा मिनिटं.

वर्षं गेली. त्या निवृत्त झाल्याचं कळलं. दुकान माझ्या मुलानं, योगेशनं हातात घेतलं. आता तिथे छपाईचं मशीन आहे. मोबाइलमधला फोटो द्या, अर्ध्या तासात कापडावर छापून, फळीवर ताणून मिळतो. मी कुरकुर करायचो. तो म्हणायचा, "पप्पा, पट्टी-काच का जमाना गया. लोकांना हलकं पायजे, फटाफट पायजे. और साइज का टेन्शन ही नहीं, कम्प्युटर अपने आप क्रॉप करतो." तो शब्द ऐकला की मी बाहेर जाऊन उभा राहायचो.

मागच्या वर्षी इथल्या एका मराठी मंडळानं माझ्या मागच्या खोलीतल्या भिंतीचं ऐकून ती चित्रं मागितली. गणपतीत, सभागृहाच्या व्हरांड्यात लावायला. 'एका कारागिराची आवड' असं नाव दिलं होतं. बकरी, लूमचा भाग, हसणारी आजी, आणखी सहा. नऊच. लोक आले, मोबाइलनं फोटो काढले, आजीसमोर हसले आणि जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम आल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, काठी टेकत. व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. एकेका चित्रासमोर थांबत गेल्या आणि प्रत्येकापुढे माझ्याकडे वळून बघत होत्या. मी समजलो. हे का, ते का, सांगत गेलो. आजीपाशी म्हणालो, "मेल्यावरसुद्धा हिला कुणाची परवानगी नको आहे, म्हणून." मॅडम हसल्या.

"चांगलं बघता हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं ते. म्हणून तर इतकं लागलं."

मी खाली बघितलं.

"तुम्हाला तो माणूस जमलेला वाटला नाही ना? मी खूप विचार केला त्याच्यावर. हात जरा लांब झाला होता, ते मलाही कळत होतं. पण तुम्ही अख्खाच काढून टाकलात म्हणजे तो फारच वाईट असणार. दुसऱ्या कुणी कापला असता तर म्हटलं असतं, अडाणी आहे. तुम्ही कापलात. मग मी नाद सोडला. म्हटलं, आपण दुसऱ्यांची बघावीत, स्वतः काढू नयेत."

"त्यानंतर काहीच नाही काढलंत?"

"शाळेत फळ्यावर. आंबा, कलश, तोरण."

मी खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. हो मॅडम, हात जरा लांब होता, असं म्हणालो असतो तर त्यांच्या वीस वर्षांना निदान काही कारण मिळालं असतं. पण माझ्या तोंडून खरं निघालं.

"माणूस उत्तम होता मॅडम. सगळ्या चित्रात तोच होता. माझ्याकडे पट्टी कमी पडत होती. दोन इंच."

त्या खुर्चीत बसल्या.

"दोन इंच," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग सांगायचं होतंत. मी थांबले असते. चित्राला कसली घाई होती?"

मंडळाच्या कुणीतरी चहा आणला. त्यांनी तो सावकाश संपवला. मी म्हणालो, "अजून काढा ना मॅडम. कागद मी आणून देतो." त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. त्यांनी तो परत काठीवर ठेवला. जाताना मी विचारलं, ते चित्र कुठे आहे. म्हणाल्या, "भागवतकडे, माझ्या भावाकडे. त्याचंच शेत आहे ते आणि माणूसही तोच. माझ्या भिंतीवर मला ते ठेवता येईना."

पंधरा दिवसांनी मी निंबोल्याला गेलो. का गेलो, नेमकं सांगता येणार नाही. मनात होतं की त्यांच्या भावापुढे तरी सगळं बोलून टाकावं, पाया पडावं. भागवत चौधरींचं घर लगेच सापडलं. सत्तरीचा, काटक, टोपी घातलेला माणूस ओट्यावर बसला होता. मॅडमच्या ओळखीचा आहे म्हटल्यावर त्यांनी आत नेलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि घडावरची चार केळी तोडून माझ्यापुढे ठेवली.

चित्र समोरच्याच भिंतीवर होतं. चुन्याच्या निळसर भिंतीवर माझी सागाची पट्टी. कोपरे अजून घट्ट होते, एकही फट नव्हती. ते पाहून मला बरं वाटलं नाही.

मी बघतोय म्हणून ते उठून चित्रापाशी गेले.

"ताईनं काढेल आहे. त्या वर्षी अख्खी बाग पडेल होती ना, तवाचं. मी पण होतो ह्याच्यात."

"तुम्ही?"

"हो तर. इथं बसेल होतो." त्यांनी फ्रेमच्या उजव्या कडेबाहेर, भिंतीवर बोट ठेवलं. तिथला चुना काळपट झाला होता, दाराच्या कडीपाशी हात लागून लागून होतो तसा. "पाव्हणा आला का मी दाखवतो. पोरं हसतात. पण मी होतो, ताईनं सांगेल आहे मले. फ्रेम करणाऱ्यानं कापी टाकला."

आतून चहा आला. मी कप घेतला.

"राग नाही येत त्याचा?" मी विचारलं.

"राग कशाचा?" ते परत येऊन माझ्या शेजारी बसले. "कामाच्या घाईत दिसलं नसेल हो त्या बिचाऱ्याले. एवढासा तर होतो मी, कडेला. जाणून कोण कापीन माणसाले?"

ते माझ्याकडे बघत होते. त्यांना उत्तर हवं होतं.

"हो," मी म्हणालो. "दिसलं नसेल."